पोस्टिंगला आलात? बसू नका

वॉर्डात पहिलं पाऊल टाकणाऱ्या भावी डॉक्टरांनो, आधी एप्रनला इस्त्री करा. सोलापूरच्या एप्रिलात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे अकरा वाजेपर्यंत ती इस्त्री पाठीला चिकटून मोडते, पण तोवर नातेवाईक तुम्हाला एक्स-रेची खोली कुठे ते विचारू लागतात. तो रस्ता पाठ ठेवा. पहिल्या महिन्यात तुमचं तेवढंच उत्तर बरोबर येणार आहे.

राउंडला सगळ्यात उंच मित्राच्या मागे उभं राहावं. सरांनी "मर्मर ऐकू येतोय का?" (म्हणजे हृदयातला जादाचा आवाज) विचारलं की मान हलवायची, सगळेच हलवतात. स्टेथोच्या नळ्या कानात उलट्या घातल्या असतील तर काहीच धड ऐकू येत नाही, मान मात्र तितकीच छान हलते.

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच वारले. तुम्हाला एवढ्या लांब कोणी पाठवणार नाही. तपासायच्या रक्ताची बाटली घेऊन लॅबपर्यंत जायचं आणि "क्लॉट झालंय, परत आणा" हे ऐकून माघारी यायचं.

आता हिस्टरी, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती लिहिणं. इथे कॉटगणिक भाषा बदलते. पहिल्या कॉटवर पोटात दुखतं, दुसरीवर कानडीत 'नोवू', तिसरीवर तेलुगूत 'नोप्पी'. वॉर्डातल्या मावशींना तिन्ही येतात. पण त्यांना विचारलं तर खरा आजार कळून जाईल, म्हणून शक्यतो टाळा.

समजा, तिसऱ्या कॉटवरच्या बाई महिनाभर खोकतायत. धंदा? "काही नाही, घरीच." फॉर्मवर 'गृहिणी' लिहा आणि पुढच्या रकान्याला लागा. घरी म्हणजे काय करता, असं चुकूनही विचारू नका. विचारलंत तर त्या मांडीवरच्या सुपाबद्दल सांगतील. सुपात तंबाखू, ओलं केलेलं तेंदूचं पान, कापायची कात्री, आणि मजुरी हजार विड्यांमागे. मग तंबाखूची धूळ श्वासातून जाते, निकोटिन हाताच्या कातडीतूनही शिरतं, हे सगळं आठवावं लागेल. केस लांबेल, आणि सरांना एका ओळीतलं निदान आवडतं. धूम्रपान? नाही. खरंच आहे, त्या बाईंनी जन्मात एक विडी ओढलेली नाही. रकाना रिकामा राहिला की हिस्टरी किती सुटसुटीत दिसते!

(मी एकदा विचारलं होतं. प्रेझेंटेशन साडेचार मिनिटं चाललं आणि सर घड्याळाकडे बघत होते.)

सुटी होण्याच्या दिवशी इंटर्नने डिस्चार्ज कार्ड तुमच्याकडे ढकललं तर ती संधी समजा. सल्ल्याच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहा : 'तंबाखू व धुळीपासून दूर राहावे.' बाई कार्ड लेकीकडून वाचून घेतील, जरा विचार करतील आणि विचारतील, "एकच खोली हाय बाळा. किती दूर?"

तेव्हा गोंधळू नका. फेरतपासणीला पुढच्या मंगळवारी ओपीडीत यायला सांगा. तोवर तुमची पोस्टिंग डोळ्यांच्या वॉर्डात लागलेली असते.