बेव्हर्ली हिल्स, मार्गे पारसिक बोगदा

हॉलिवुडच्या नटनट्यांच्या भानगडींवरची कादंबरी मराठी घरात बसून वाचणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. कायद्याने बंदी नाही, घरच्यांचा उघड विरोधही नाही. पण मुखपृष्ठावर फुगीर सोनेरी अक्षरं, त्याखाली लालभडक ओठ आणि जाडी सार्थ ज्ञानेश्वरीच्या तोडीची. असं पुस्तक हॉलमध्ये उघडलं की घरातल्या प्रत्येकाला तहान लागते आणि पाण्याच्या फिल्टरकडे जायचा रस्ता नेमका माझ्या खुर्चीमागून जातो. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण ओठ वाचता येतात. "ऑफिसची परीक्षा आहे का गं?" असं त्या इतक्या गोड आवाजात विचारतात की खोटं बोलायलाही सुचत नाही. नवऱ्याची तऱ्हा वेगळी. "हे काय वाचतेस!" असं तो शनिवारी म्हणतो आणि रविवारी जेवणं झाल्यावर तेच पुस्तक घेऊन बेडरूममध्ये गडप होतो. विचारलं तर म्हणे, अमेरिकन समाज समजून घेतोय. एका दुपारीत त्याने निम्म्या पुस्तकाएवढा समाज समजून घेतला आणि वर माझी खूण हरवली.

शेवटी मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. मुलाच्या वह्यांचं उरलेलं होतं. लेबलही उरलं होतं, तेही चिकटवलं: 'विषय : परिसर अभ्यास'. आणि सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये, लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर बसून परिसराचा अभ्यास सुरू केला. चौथी सीट म्हणजे अर्धं शरीर बाकावर आणि अर्धं देवाच्या भरवशावर. त्या अवस्थेत बेव्हर्ली हिल्स या नटनट्यांच्या श्रीमंत वस्तीतल्या रोडिओ ड्राइव्हवरच्या महागड्या खरेदीचं वर्णन वाचायला एक वेगळीच निष्ठा लागते.

पुस्तक जॅकी कॉलिन्सबाईंचं होतं. या बाई मूळच्या लंडनच्या, नटी जोन कॉलिन्सची धाकटी बहीण. १९६८ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली तेव्हा गुलाबी प्रेमकथांच्या सम्राज्ञी बार्बरा कार्टलंड यांनी ती घाणेरडी आणि किळसवाणी ठरवली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत तिच्यावर बंदी आली. पहिल्याच पुस्तकाला एवढं नशीब फार थोड्या लेखकांना लाभतं. पुढे १९८३ मध्ये हॉलिवुडमधल्या बायकांवरच्या कादंबरीने त्यांनी कहर केला. त्या स्वतः बेव्हर्ली हिल्समध्येच राहायच्या, पार्ट्यांना जायच्या, कान उघडे ठेवायच्या आणि घरी येऊन हाताने लिहून काढायच्या. खरं तर मी पुष्कळ सौम्य करून लिहिते, असं त्यांचं म्हणणं. हे वाचल्यापासून मला त्यांच्या शेजाऱ्यांची काळजी वाटत आली आहे.

डब्यातलं वाचन पहिले काही दिवस सुखाचं गेलं. मग शेजारची बँकवाली म्हणाली, "थांबा हं, पान उलटू नका, माझ्या दोन ओळी राहिल्यात." ती कधीपासून वाचत होती कोण जाणे. मागे उभ्या असलेल्या मुलीची हरकत नेमकी उलटी, आम्ही फार हळू वाचतो म्हणून. आणि समोर मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणाऱ्या काकूंना दोन्हीतलं काहीच जमत नव्हतं. त्या दुखावल्या. "गालातल्या गालात काय हसताय तिघी? मोठ्याने सांगा की!"

अशी मी कथेकरीबुवा झाले. डोंबिवली ते ठाणे मागील भागाचा सारांश आणि पुढच्या भानगडीची सुरुवात, ठाणे ते घाटकोपर भानगड, आणि दादरच्या आत भानगडीचा निकाल लागलाच पाहिजे, कारण दादरला अर्धा श्रोतृवृंद उतरायचा. मी पाल्हाळ लावलं की कुर्ल्यालाच काकू घड्याळ दाखवायच्या.

आता प्रश्न होता त्या प्रसंगांचा. ते तर दर वीस पानांमागे. काकू माझ्या आईच्या वयाच्या, आणि डब्याच्या त्या टोकाला भजनी मंडळ टाळ घेऊन बसलेलं. पण तेव्हा फास्ट गाड्या ठाण्याच्या अलीकडे पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. सव्वा किलोमीटरहून लांब, १९१६ सालचा, इंग्रजांनी बांधलेला बोगदा. आत गाडी शिरली की असा काही आवाज व्हायचा की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी पत्ता लागू नये. मी गोष्ट अशी बेताने हाकायचे की नायिका नायकाच्या व्हिलाच्या दाराशी आणि गाडी बोगद्याच्या तोंडाशी एकाच वेळी पोचावी. बोगद्यात मी अखंड बोलत असायचे. ओठ हलायचे, हातवारे व्हायचे. श्रोत्या माना डोलवायच्या. पलीकडे उजेडात आलं की नायिका केस बांधत असायची. कुणाचीही तक्रार नाही. जिने तिने आपापल्या कुवतीप्रमाणे ऐकलं. सेन्सॉर बोर्डाला हे कसं सुचलं नाही, असं मला नेहमी वाटतं.

पात्रांचा गुंता मात्र श्रोत्यांना कधीच जड गेला नाही. मला शेवटच्या कोऱ्या पानावर वंशावळ काढावी लागली होती: हिचा दुसरा नवरा तिचा पहिला, त्याची मुलगी हिच्या मित्राची मैत्रीण. काकू एकदा ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "म्हणजे तो मुलगा कानीन झाला, कर्णासारखा." महाभारतावर पोसलेल्या बाईला हॉलिवुड काय चकवणार? त्यांना चकवलं ते जेवणाने. सगळा वेळ ही माणसं बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या पोलो लाउंजमध्ये बसलेली, आणि समोर काय, तर सॅलडची पानं. ती सुद्धा अर्धी टाकून उठायची. "चार कोटींचा बंगला आणि घरात पोळी-भाजी नाही," काकू मटाराची शेंग फोडत म्हणाल्या. "मग लफडी नाही करणार तर काय करणार!"

अशा पुस्तकांची खरी गंमत म्हणे ओळखण्यात असते. हा नट म्हणजे प्रत्यक्षात कोण, ती नटी कुणावरून बेतली. आपल्याकडेही शोभा डे यांनी सत्तरच्या दशकात 'स्टारडस्ट'चं संपादन केलं आणि नंतर सिनेमावाल्यांवर कादंबरी लिहिली, तेव्हा लोकांनी हाच खेळ केला असणार. ("माहेरची राजाध्यक्षांची ना ती?" बँकवाली अभिमानाने म्हणाली. आपलं माणूस कुठल्याही क्षेत्रात पुढे गेलं की आपल्याला बरं वाटतं.) पण लॉस एंजलिसमधल्या कुणालाही आम्ही ओळखत नव्हतो. मग श्रोत्यांनी जवळपासची माणसं भरती केली. लबाड निर्माता म्हणजे काकूंच्या सोसायटीचे सेक्रेटरी, जिन्यातल्या रंगकामाच्या हिशेबासकट. उतरत्या काळातला, केस रंगवणारा नट म्हणजे बँकवालीचे झोनल मॅनेजर. आणि त्या निर्मात्याची गर्विष्ठ, सुंदर, कुणाशी न बोलणारी बायको म्हणजे आमच्याच डब्यातली खिडकीजवळची बाई. काळा गॉगल, कानात इअरफोन, कल्याणहून बसून येणारी. कुणाकडे बघून तिने कधी साधी मान हलवली नव्हती. तिच्याकडे हळूच बोट दाखवत आम्ही निर्मात्याच्या बायकोचे सगळे धंदे सांगितले. केसांपासून टाचांपर्यंत पात्र तयारच होतं, नुसती कथा घालायची होती.

डब्याला सगळ्यात भावलं ते मात्र प्रेमही नव्हे आणि हिरेही नव्हेत. कॅलिफोर्नियात लग्न झाल्यापासून नवऱ्याने जे कमावलं त्यात बायकोचा निम्मा वाटा, हा कायदा. कादंबरीतल्या बायका एवढं सगळं का सोसतात, ते मी या निमित्ताने समजावून सांगितलं, आणि टाळकरी बायकांनीसुद्धा भजन थांबवलं. निम्मा म्हणजे सरळ निम्मा? बंगल्यात पण? बँकवालीने मनातल्या मनात आपल्या वन बीएचकेचे दोन भाग केले. तिला किचन मिळत होतं. "आत्ता तरी काय वेगळं आहे," ती म्हणाली.

त्याच दिवशी खिडकीजवळच्या बाईने गॉगल काढला, मग इअरफोन काढले.

"हे गणपतीपासून बंद आहेत," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू येतं. यात मी कोण आहे?"

मटार थांबले. बँकवालीने पर्समध्ये डोकं घातलं. मी म्हटलं, "निर्मात्याची बायको."

"घटस्फोट होतो?"

"होतो. शेवटी शेवटी."

"निम्मं मिळतं?"

"निम्मं मिळतं."

तिने क्षणभर विचार केला. "मग चालेल," ती म्हणाली आणि काकूंच्या पिशवीतून मूठभर शेंगा सोलायला घेतल्या. "फक्त ते बोगद्यातलं तेवढं परत सांगा. मला नीट ऐकू आलं नव्हतं."