लिबर्टी इंजिनाबद्दलच्या त्या मेसेजचा खुलासा

‘१९१७ मध्ये हेन्री फोर्डने हॉटेलच्या खोलीत बसून पाच दिवसांत विमानाचं इंजिन बनवलं,’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो चटकन पटतो.

हॉटेल आणि पाच दिवस खरे आहेत. मे १९१७ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलात पॅकार्ड या मोटार कंपनीचे जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट या इंजिन कंपनीचे एल्बर्ट हॉल यांनी या इंजिनाचा, म्हणजे लिबर्टी नावाच्या अमेरिकन विमान-इंजिनाचा, आराखडा आखला. तयार झाली होती ती ड्रॉइंग्ज. प्रत्यक्ष इंजिन, तेही आठ सिलिंडरचं, जुलैच्या सुरुवातीला वॉशिंग्टनला पोचलं. ते पहिलं इंजिन अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने जपून ठेवलंय, आणि हा क्रम तिथल्या नोंदींत सापडतो. नंतरचं बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन सुमारे ४०० हॉर्सपॉवर देई. ते बसवलेली अमेरिकन डीएच-४ विमानं पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर लढू लागली ऑगस्ट १९१८ मध्ये.

फोर्डचं योगदान मोठंच होतं, पण कारखान्यातलं. त्यांच्या कंपनीने पोलादी नळीपासून सिलिंडर घडवण्याची वेगवान पद्धत बसवली आणि हजारो इंजिनंही बनवली. पॅकार्ड, लिंकन, कॅडिलॅक हेही तेच इंजिन बनवत होते.

व्हिन्सेंट आणि हॉल ही नावं गाळली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.