'थंडा' हा आमचाही मराठी शब्द आहे

विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाहुणा आला, की पाण्याचा गडवा पुढे ठेवून झाल्यावर घरधनी विचारतो, "चहा घेता का थंडा सांगू?" या प्रश्नातला 'थंडा' म्हणजे बाटलीतले गोड, फेसाळणारे पेय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 'शीतपेय' हा शब्द आम्ही पाठ्यपुस्तकात आणि दुकानांच्या पाट्यांवर वाचतो, परंतु एका माणसाने दुसऱ्याला "शीतपेय घेणार का?" असे विचारलेले मी आजवर ऐकलेले नाही. तरीही 'थंडा' म्हटले, की पुण्या-मुंबईकडचे स्नेही आणि अलीकडे आमच्याकडची शिकलीसवरलेली मंडळीसुद्धा 'हा तर हिंदी शब्द' म्हणून नाक मुरडतात. मला हे मुळीच मान्य नाही.

पहिली गोष्ट अशी, की 'थंडा फराळ', 'थंडा मामला', 'बाजार थंडा पडला' हे शब्दप्रयोग प्रमाण मराठीतही बिनदिक्कत चालतात आणि त्यांना कोणी परके म्हणत नाही. विदर्भाने त्याच विशेषणाचे नाम केले, इतकेच. दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत विदर्भ हा मध्य प्रदेशाचा भाग होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने हाच मुलूख ओळखला जाई. बाजारात, कचेरीत, रेल्वेच्या डब्यात हिंदी आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसल्या, तेव्हा शब्दांची देवाणघेवाण होणारच होती. कोकणातल्या मराठीला कोकणीचा आणि सोलापूरच्या मराठीला कानडीचा शेजार लाभला, तो आपण कौतुकाने सांगतो; मग आमच्याच शेजाराला अशुद्धपणा का म्हणायचे?

नव्या पिढीतल्या काहींचा समज असा आहे, की हा शब्द 'ठंडा मतलब कोका-कोला' या जाहिरातीतून आला. वस्तुस्थिती उलट आहे. ही जाहिरात या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतली. पाहुण्याला थंडा विचारण्याची रीत तिच्या कितीतरी आधीची. लोकांच्या तोंडी असलेला शब्द कंपनीने उचलला आणि त्यावर आपले नाव चिकटवले.

या शब्दाचे खरे वैभव पाहायचे असेल, तर बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर दुपारी थोडा वेळ उभे राहावे (पुण्यात याच पानठेल्याला पानटपरी म्हणतात). गिऱ्हाईक नुसते "दोन थंडे द्या" म्हणते आणि ठेलेवाला विचारतो, "कोन्ता देऊ भाऊ, काया का पांढरा?" वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून काळा तो 'काया'. या एका प्रश्नात त्याने कंपन्यांची सगळी नावे बाजूला सारून पेयांची वर्गवारी केलेली असते: काया म्हणजे कोणताही कोला, पांढरा म्हणजे लिंबाच्या चवीचा, आणि तिसरा 'आंब्याचा', ज्यात फेस नसला तरी बाटली थंड आहे म्हणून तोही थंडाच. तमिळनाडूच्या खेड्यांत अशा पेयांना सरळ 'कलर' म्हणतात, हे मला समजले तेव्हा फार आनंद झाला, कारण रंगावरून पेय ओळखण्याची सामान्य माणसाची दृष्टी दोन्हीकडे सारखीच दिसली.

'सोडा' हा शब्द मात्र आमच्याकडे वेगळ्या वाटेने जातो. किराणा दुकानात सोडा मागितला तर भज्यांसाठी लागणारा खायचा सोडा पुडीत बांधून मिळतो; पानठेल्यावर मागितला तर बिनसाखरेची बाटली मिळते, आणि मागणारा संध्याकाळचा असेल तर आजूबाजूचे लोक त्याच्याकडे जरा निरखून पाहतात. जत्रेत मिळतो तो गोटी सोडा. मानेत काचेची गोटी अडकवलेल्या या बाटलीचे पेटंट इंग्लंडमधल्या हायरम कॉड यांनी 1872 साली घेतले, पण दिल्लीने तिला 'बंटा' म्हटले, तमिळनाडूने 'गोली सोडा' म्हटले आणि आपण 'गोटी सोडा'. निर्मात्याचे नाव यांपैकी कोणीच ठेवले नाही. प्रत्येकाने आपल्या पोरांच्या खेळातली गोटी ओळखली.

अमेरिकेतही हाच प्रकार आहे. ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात अशा पेयाला 'सोडा' म्हणतात, मध्य-पश्चिमेकडे 'पॉप' म्हणतात, आणि दक्षिणेत पेय कोणत्याही कंपनीचे असो, अनेक लोक त्याला 'कोक'च म्हणतात, कारण कोका-कोलाचा जन्मच 1886 साली दक्षिणेतल्या अटलांटा शहरात झाला. आमच्याकडे 'कोक' रुजला नाही, याचेही कारण आहे. 1977 साली कोका-कोलाने भारत सोडला, त्याच वर्षी थम्स अप बाजारात आले, आणि 1993 साली कोका-कोला परतून तिने थम्स अपच विकत घेतले तोवर खेड्यातल्या माणसाच्या जिभेवर 'थम्सप' पक्के बसले होते. 'पेप्सी'ची गोष्ट तर आणखी निराळी. आमच्या शाळकरी मुलांना पेप्सी म्हटले, की प्लास्टिकच्या लांब नळीतला रंगीत, गोड बर्फ आठवतो, आणि त्याचा त्या कंपनीशी काडीचाही संबंध नसतो. पाण्याच्या कोणत्याही बाटलीला 'बिसलरी' म्हणणे हेही त्यातलेच.

मला महत्त्वाचा वाटतो तो फरक पुढे आहे. तिकडच्या अभ्यासकांनी हजारो लोकांना विचारून सोडा, पॉप आणि कोक यांचे नकाशे काढले, आणि कोणत्याही भागाला त्याचा शब्द चुकीचा आहे असे त्या नकाशांनी सांगितले नाही. आपल्याकडे माझ्या पुतणीने लग्नावरच्या निबंधात "वऱ्हाडाला थंडा दिला" असे लिहिले, तेव्हा तिच्या वहीत 'थंडा'वर लाल रेघ आली आणि वर 'शीतपेय' लिहिले गेले. मुलीने विचारले, "काका, मग आपण घरी चुकीचं बोलतो का?" प्रमाण लेखन शिकवावे, याबद्दल माझा वाद नाही; परंतु मुलाच्या घरचा शब्द खोडण्याऐवजी त्याच्या शेजारी दुसरा शब्द लिहिता येतो, आणि दोन्ही कुठे वापरायचे तेही सांगता येते. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेल्या, आमच्या गावांत पिण्याजोग्या पाण्यालाच 'गोडं पाणी' म्हणतात, तेव्हा पाहुण्याला काय पाजले हे सांगताना कोणता शब्द कुठे बसतो, याची जाण येथल्या मुलांना उपजतच असते.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. अशा कामात नात्यागोत्यांच्या आणि घरातल्या वस्तूंच्या शब्दांबरोबर थंडा, सोडा, पेप्सी, कोल्ड्रिंग हे शब्दही उच्चारासकट नोंदले जावेत, असे मला कळकळीने वाटते. आणि शब्दकोशात 'थंडा' या नोंदीपुढे 'हिं.' एवढेच न लिहिता 'विदर्भात: पाहुण्यास विचारावयाचे थंड पेय' असा स्पष्ट अर्थ दिला जावा.