टीएसआर जुन्या सेटिंग्जमुळे बुडाली नाही

डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हा टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ, आणि सेटिंग म्हणजे ती गोष्ट जिथे घडते ते तयार जग. हा खेळ आधी टीएसआर कंपनी काढायची, आता विझार्ड्स काढते. डार्क सन, बर्थराइट किंवा मिस्टारा या जुन्या सेटिंग्जवर काही येत का नाही असं कुणी विचारलं की खेळणाऱ्यांत एक ठरलेलं उत्तर मिळतं: "टीएसआरने ढीगभर सेटिंग्ज सांभाळल्या, गिऱ्हाईक विखुरलं, कंपनी बुडाली, विझार्ड्स त्यातून शिकले. नव्या पोरांना जुन्यात रस नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्यासाठी पीडीएफ आहेत, अधूनमधून एखादं पुस्तकही येतं, अजून काय पाहिजे?" हे इतक्या वेळा फॉरवर्ड झालंय की आता कुणी तपासतसुद्धा नाही. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते एकेक करून सांगतो.

आधी बुडण्याचं बघू. गिऱ्हाईक विखुरलं हे खरंच आहे, प्लेनस्केप खेळणारा बर्थराइट घेईलच असं नव्हतं. पण सालं लावून बघा ना. डार्क सन १९९१, अल-कादिम १९९२, प्लेनस्केप १९९४, बर्थराइट १९९५, म्हणजे टीएसआर धडाधड नवीन जग काढत होती, आणि त्याच काळात ग्रेहॉक, जे खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सचं स्वतःचं, कंपनीचं सगळ्यात जुन्यांपैकी एक, त्याची पुस्तकांची लाइन १९९३ मध्ये बंद केली. स्पेलजॅमर, म्हणजे जादूच्या जहाजांतून अंतराळात फिरायचं जग, ते तर १९८९ ला आलं आणि तेही १९९३ लाच गुंडाळलं. याला जुनं सांभाळणं म्हणतात का? हे तर जुनं टाकून नव्याच्या मागे धावणं झालं. आणि पैसा खरा अडकला तो दुसरीकडेच. रँडम हाउस या वितरकामार्फत दुकानात गेलेला माल खपला नाही की परत यायचा, ड्रॅगन डाइस या फाशांच्या खेळाचे संच गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवले होते, महागडे बॉक्स सेट (पुस्तकं-नकाशे भरलेले डबे) बनवायला इतका खर्च की हातात फारसं उरायचं नाही. शेवटी छापखान्याचं बिल थकलं, छपाई थांबली, आणि १९९७ मध्ये विझार्ड्सने कंपनी घेतली. घेतल्यावर पुढच्याच वर्षी, १९९८ ला, त्यांनी ग्रेहॉक परत आणलं! ज्यांनी हिशेबाच्या वह्या स्वतः उघडून बघितल्या त्यांनाच जुनी सेटिंग धोक्याची वाटली नाही.

नव्या पोरांना रस नाही म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, २०१६ चं कर्स ऑफ स्ट्राड हे पुस्तक कुठून आलं? ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या १९८३ च्या रेवनलॉफ्ट मॉड्यूलमधून, म्हणजे तयार अ‍ॅडव्हेंचरच्या पुस्तकातून, आणि आजही नवीन डीएम (खेळ चालवणारे) "पहिलं मोठं कॅम्पेन कुठलं घेऊ" विचारतात तेव्हा हेच नाव निघतं. बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळून २०२३ नंतर जी मंडळी टेबलावर आली ती १९८७ च्या फरगॉटन रेल्म्स या सेटिंगमधूनच आली. जग किती जुनंय हे खेळणारा बघत नाही, ते त्याच्यापर्यंत पोचलं का एवढाच प्रश्न असतो.

पीडीएफचं म्हणाल तर ती सोय फार मोलाची आहे, निदान पुण्या-मुंबईत बसलेल्या आपल्याला तरी, कारण जुने बॉक्स इथे मिळणार कुठून. पण ती सोय कायमची आहे असं धरून चालू नका. एप्रिल २००९ मध्ये विझार्ड्सने सगळ्या पीडीएफची विक्री एका झटक्यात बंद केली होती आणि ती परत सुरू झाली थेट जानेवारी २०१३ ला. मधली जवळजवळ चार वर्षं जुनी पुस्तकं नव्याने आणि रीतसर विकत घ्यायचा मार्गच नव्हता.

आता "एखादं पुस्तक येतं की". हो, २०२२ ला स्पेलजॅमर आलं, ६४-६४ पानांची तीन पुस्तकं, त्यातलं एक अ‍ॅडव्हेंचर, एक राक्षसांचं, म्हणजे जगाबद्दल उरलं एकच, आणि त्या ६४ पानांतच नवीन वंश, जादू, जहाजांचे नकाशे, रॉक ऑफ ब्रॅल हे लघुग्रहावरचं शहर, सगळं कोंबलेलं. १९८९ च्या बॉक्समध्ये हेल्मवर (जहाज चालवायच्या जादूच्या खुर्चीवर) बसणाऱ्या जादूगाराची त्या दिवसाची जादू जायची, त्यामुळे जहाज कोण चालवणार यावरून टेबलावर खरी चर्चा व्हायची, आणि दोन गोलांच्या (प्रत्येकात एकेक सूर्यमाला) मधल्या फ्लॉजिस्टन या ज्वालाग्राही माध्यमात आग पेटवली तर स्फोट, म्हणजे फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकायच्या आधी दहादा विचार. नव्यात हेल्मची ती किंमत गेली, फ्लॉजिस्टनच्या जागी अ‍ॅस्ट्रल सी हे दुसरं माध्यम आलं. बदल करायला हरकत नाही, पण काढलं त्याच्या जागी तेवढ्या वजनाचं काही दिलंच नाही, आणि जहाजांची लढाई हा ज्या सेटिंगचा जीव तिथले नियम फार थोडक्यात आटोपले. त्याच वर्षीच्या ड्रॅगनलान्स या दुसऱ्या जुन्या सेटिंगचंही तेच, पुस्तक मुख्यतः एक अ‍ॅडव्हेंचर, बाकी अ‍ॅन्सलॉन खंड तुमचा तुम्ही शोधा. असं पुस्तक कमी चाललं की मग "बघा, जुनं विकत नाही" म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि सपोर्ट म्हणजे दर महिन्याला पुस्तक काढा असं कोण म्हणतंय? सगळ्यात स्वस्त सपोर्ट म्हणजे परवानगी. २०१६ पासून डीएम्स गिल्ड या विझार्ड्सच्या परवानगीने चालणाऱ्या विक्रीच्या साइटवर ठरावीक सेटिंग्जवर कुणीही लिहून विकू शकतो. एबेरॉनला ही परवानगी २०१८ मध्ये मिळाली, २०१९ ला विझार्ड्सचं जाड हार्डकव्हर आलं, २०२० ला मूळ लेखक कीथ बेकरने स्वतःचं एक्सप्लोरिंग एबेरॉन तिथेच काढलं, आणि ती सेटिंग आज जिवंत आहे. डार्क सन मात्र वर्षानुवर्षं त्या यादीबाहेर ठेवलं. २०२३ मध्ये डीअँडडीच्या तेव्हाच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरने मुलाखतीत सांगितलं की त्यातला मजकूर आजच्या काळात अडचणीचा आहे. गुलामगिरी त्यात आहेच, पण १९९१ चं डार्क सनचं पहिलं वेगळं छापलेलं अ‍ॅडव्हेंचर, फ्रीडम, सुरूच होतं तिथे जिथे तुमची पात्रं टीर शहरात गुलाम म्हणून झिगुरात (पायऱ्यांचा प्रचंड मनोरा) बांधतायत, आणि संपतं राजा कलकच्या पाडावाने. अत्याचारी राजाविरुद्ध उठाव ही ज्या जगाची पहिली गोष्ट, ते जग आजच्या लेखकांच्या हाती द्यायला भीती कसली? खेळाच्या थर्ड एडिशनच्या, म्हणजे तिसऱ्या नियमावलीच्या काळात विझार्ड्सनेच अथस डॉट ऑर्ग या साइटच्या चाहत्यांना अधिकृत मान्यता दिली होती, आणि त्या मंडळींनी डार्क सनचे पूर्ण नियम नव्या एडिशनमध्ये आणून फुकट वाटले. विझार्ड्सला त्यासाठी एक पानही छापावं लागलं नाही.