'गाक्को गुराशी': काय जमलंय आणि कुठे घसरलंय

'गाक्को गुराशी' ही झॉम्बींची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, या आठवड्यात पुन्हा अथपासून इतिपर्यंत पाहिली. 2015 ची मालिका, 12 भाग, लेर्श स्टुडिओची, दिग्दर्शक मासाओमी आंदो. इंग्रजीत ती 'स्कूल-लाइव' या नावाने सापडते. माझ्या अत्यंत आवडीची आहे आणि तरीही काही ठिकाणी ती पाहताना जीव चडफडतो. दोन्हीबद्दल सविस्तर लिहायचंय. पुढे सगळी कथा उघड होणार आहे, त्यामुळे पाहायची असेल तर आधी पाहून या.

मूळ मंगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, कथा नोरिमित्सु काईहो यांची आणि चित्रं सादोरु चिबा यांची. 2012 पासून ती ज्या मासिकात छापून यायला लागली, त्या 'किरारा' घराण्यातली मासिकं गोड, निरागस शाळकरी मुलींच्या कथांसाठी ओळखली जातात. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे, कारण पहिला भाग त्याच ओळखीच्या वाटेने जातो. युकी ही गुलाबी केसांची, बडबडी, अभ्यासात कच्ची मुलगी. तिला शाळा इतकी आवडते की ती आणि तिच्या मैत्रिणी शाळेतच राहतात, त्यासाठी त्यांनी क्लबच काढलाय. कुरुमी सदानकदा फावडं घेऊन फिरते. युरी, म्हणजे री-सान, स्वयंपाक आणि हिशेब बघते. मिकी वर्गाने लहान पण डोक्याने शांत. सोबत तारोमारू नावाचं कुत्रं आणि मेगू-ने नावाच्या प्रेमळ बाई. वीसेक मिनिटं हेच चालू असतं. मग मिकी वर्गाच्या दारात येते आणि आपल्याला तो वर्ग तिच्या डोळ्यांनी दिसतो. बाकं उलटीपालटी, काचा फुटलेल्या, सगळीकडे रक्ताचे डाग, आणि मधोमध युकी एकटीच, नसलेल्या मैत्रिणींशी हसत बोलतेय. खाली मैदानात मेलेली माणसं भटकताहेत.

हा धक्का जबरदस्त आहेच. पण अनेक जण मालिकेचं कौतुक तिथेच थांबवतात, ते मला पटत नाही. धक्का एकदाच बसतो. मालिकेची खरी ताकद त्यानंतर, बाकीच्या तिघी काय करतात त्यात आहे. युकीचं मन जगबुडी स्वीकारायला तयार नाही, म्हणून या तिघी तिच्याभोवती एक चालू शाळा उभी करून ठेवतात. जिन्यांवर बाकं रचून अडथळे केलेत, गच्चीवर भाजीचा मळा आहे, सौर ऊर्जेवर वीज आहे, आणि या सगळ्याला युकीसमोर क्लबच्या उपक्रमाचं रूप द्यायचं. ग्रंथालय आणि शाळेतलं दुकान गाठून सामान आणायचं असेल तर ती रात्रीची 'भुताच्या भीतीची परीक्षा' होते. मॉलपर्यंत जीव मुठीत धरून जायचं तर ती सहल.

आमच्या घरात हे मी पाहिलंय. शेवटची काही वर्षं आजीला विसर पडायचा. आजोबा जाऊन बराच काळ लोटला होता, तरी दिवेलागणीला ती विचारायची, "हे आले का गं?" आणि काकू पोळ्या लाटता लाटता सांगायची, "येतील हो आई, तुम्ही जेवून घ्या." पुन्हा विचारलं की पुन्हा तेच उत्तर, त्याच सुरात. रात्री सगळं आवरल्यावर काकू गॅलरीत एकटीच बसून राहायची, हाक मारली तरी पटकन ओ द्यायची नाही. हिशेबाच्या वहीवर वाकलेली री-सान दिसली की मला काकू आठवते. दुसऱ्याचं जग सांभाळणाऱ्या माणसाची काय झीज होते, हे इतक्या बारकाईने दाखवणारी दुसरी भयकथा मी तरी पाहिलेली नाही.

म्हणूनच मिकीचं पात्र मला फार मोलाचं वाटतं. ती नंतर आलेली, त्यामुळे बाकीच्यांनी अंगवळणी पाडून घेतलेलं तिला खटकतं. युकीला बरं करायला हवं, हे लाड तिच्या भल्याचे नाहीत, असं ती री-सानला तोंडावर सांगते. री-सान चिडते. बरोबर कोण, याचा निवाडा मालिका देत नाही, आणि ते फार चांगलं केलंय. कारण युकीचा खेळ थांबला तर या मुलींना सकाळी उठायला कारणच उरणार नाही, हेही आपल्याला दिसत असतं.

मेगू-नेचं काय करून ठेवलंय ते पाहायला तर दुसऱ्यांदा बघाच. आपल्याकडे कुणी लक्षच देत नाही म्हणून त्या बाई सारख्या हिरमुसतात आणि पहिल्या वेळी आपण हसतो. नंतर कळतं की त्या कधीच्याच गेल्यात, फक्त युकीला दिसतात. मग मागचे भाग लावले की लक्षात येतं, बाकीच्या मुली युकीचा रोख पाहूनच त्यांच्याशी बोलल्यासारखं करत होत्या. सुरुवातीचं गाणंही 'स्किप' करू नका. सूर तोच आनंदी राहतो, चित्रांतली शाळा मात्र भागागणिक पडकी होत जाते.

आता जे खुपतं ते.

शाळेने दडवून ठेवलेली आपत्कालीन पुस्तिका सापडते. हा जैविक शस्त्राचा प्रकार असू शकतो आणि वरच्यांना त्याची कल्पना होती, हे मुलींना कळतं. पायाखालची जमीन सरकावी असा क्षण. आणि लगेच नवव्या भागात काय, तर गच्चीवरचा पाण्याचा साठा साफ करायचा म्हणून सगळ्या पोहण्याच्या कपड्यांत! मुलींना विसावा हवाच, त्याला माझी ना नाही. पण तो भाग मुलींपेक्षा प्रेक्षकांच्या नजरेसाठी बेतलाय. या मुलींवर इतका वेळ इतक्या मायेने लक्ष दिलेला कॅमेरा त्यांच्या अंगाकडे वळतो तेव्हा मला अक्षरशः राग येतो.

दुसरा राग तारोमारूबद्दल. मंगात हे कुत्रं मॉलच्या प्रसंगापुरतंच आहे. ॲनिमेने त्याला पहिल्या भागापासून घरातलं केलं आणि शेवटी मारलं. तळघरात झॉम्बी झालेली मेगू-ने समोर येते, कुरुमीचा हात उचलत नाही आणि कुरुमी चावली जाते. तारोमारूही तिथेच चावला गेलेला. हा प्रसंग काळीज चिरणारा आहे. पण पुढे त्याच तळघरात औषध मिळतं, कुरुमी त्याने वाचते, कुत्रं मात्र अशक्त होऊन मरतं. किंमत मोजल्याचा देखावा होतो, पण ती मुलींपैकी कुणालाच मोजावी लागत नाही. री-सान हातात सुरी घेऊन कुरुमीजवळ बसते आणि तिला ते जमत नाही, इतक्या भयानक जागी कथा आणून सोडल्यावर औषधाची ही सोय फार स्वस्त वाटते. पुस्तिकेमागचं प्रकरणही अर्धवट राहतं, कारण दुसरा सीझन आलाच नाही.

तरी शेवटच्या भागातलं एक दृश्य या सगळ्याला पुरून उरतं. ते झॉम्बी सकाळी शाळेत येतात, संध्याकाळी पांगतात, पाऊस आला की आडोसा शोधतात, हे मालिका आधीपासून सहज दाखवत आलेली असते. ते मोठ्या संख्येने शाळेवर चाल करून येतात तेव्हा युकी ध्वनिक्षेपकाच्या खोलीत जाते आणि माईकवरून सांगते की शाळा सुटली, आता घरी जा. मैदानातले, जिन्यातले सगळे थबकतात आणि वळून फाटकाकडे चालू लागतात. युकीला या वेळी ते कोण आहेत हे पक्कं माहीत असतं. ज्या शाळेच्या वेडापायी सगळ्यांनी तिला जपलं, तेच वेड सगळ्यांना वाचवतं. युकीला आवाज देणाऱ्या इनोरी मिनासेचा आवाज तिथे थरथरतो पण मोडत नाही. त्या एका प्रसंगासाठी तरी मालिका जपानी आवाजातच पाहा.

आणि आवडली तर मंगा वाचा, पण मधूनच धरू नका, पहिल्या खंडापासून घ्या. घटनांचा क्रम बराच वेगळा आहे. पुढे मुली विद्यापीठापर्यंत पोहोचतात आणि ॲनिमेने वाऱ्यावर सोडलेला पुस्तिकेचा धागा तिथे पुढे जातो.