तहान मारून दम वाढत नाही

भाचीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर 'पी.टी.च्या सरांना जरूर दाखवा' असा मेसेज फिरला. सांगणं एवढंच, की सरावात मुलांना पाणीच देऊ नका. दुसऱ्या दिवशी भाची खो-खोच्या सरावाला पाण्याची बाटली मुद्दाम घरी ठेवून गेली. म्हणून हे लिहायचं.

मेसेज म्हणतो, तापलेल्या अंगात थंड पाणी गेलं की हृदय बंद पडतं. हिशेब करू. 45 किलोच्या मुलीने फ्रिजमधलं 10 अंशांचं 200 मिलि पाणी प्यायलं, तर ते 37 अंशांवर यायला 5.4 किलोकॅलरी लागतात. तिचं अंग एका अंशाने थंड व्हायला साधारण 37 किलोकॅलरी जाव्या लागतात. म्हणजे फरक पडला जेमतेम 0.15 अंशाचा. विशिष्ट उष्माधारकतेचं हे गणित दहावीच्या विज्ञानात आहे. पुढे हाच मेसेज सांगतो की दहावीला खेळ बंद करून पुस्तक धरा. लिहिणाऱ्यानेही धरलं असतं तर बरं झालं असतं.

सगळ्यात घातक मुद्दा दुसरा: सरावात पाणी दिलं नाही की मुलं काटक होतात. उलट आहे. पाणी घटलं की रक्ताचं आकारमान घटतं, तेवढ्याच धावण्याला हृदयाचे ठोके जास्त पडतात, घाम कमी होतो आणि अंग तापत जातं. एरवी खांबाला सफाईने वळणारी मुलगी दहाव्या मिनिटाला तिथेच अडखळते, ते आळसाने नाही. उन्हाची सवय 10 ते 14 दिवसांत होते, तीही रोज थोडा थोडा सराव वाढवला तर. आणि सवय झालेल्या मुलाला घाम लवकर आणि जास्त येतो, म्हणजे त्याला पाणी जास्तच लागतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने 2011 साली उन्हातल्या खेळाविषयी आपली भूमिका मांडली. 9 ते 12 वर्षांच्या मुलांना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिलि, किशोरवयीन मुलांना तासाला 1 ते दीड लिटरपर्यंत पाणी. दीड लिटर ही वरची मर्यादा आहे, सक्ती नाही. मैदानावर सोपं माप: दर 15-20 मिनिटांनी शिट्टी, सावलीत पाच-सहा घोट.

"घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे मेसेजमधलं वाक्य कुणी लिहिलं असेल त्याच्या हाती मुलं देऊ नयेत. खेळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं. ओळखायचं ते वागण्यावरून: मुलगा बरळतो, चिडतो, झोकांड्या खातो, विचारलेलं कळत नाही. तिथेच सावलीत आडवं करा, शूज आणि जादा कपडे काढा, बादल्यांनी किंवा नळीने गार पाणी ओता, ओल्या टॉवेलने वारा घाला. एकाने त्याच वेळी 108 ला फोन करायचा. आधी गार करणं, मग हलवणं. रिक्षात घालून पळण्यातच मोलाची मिनिटं जातात. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

कोकणातल्या शाळांनी एक लक्षात घ्यावं. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही. तापमान 33 अंश दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असंही मेसेजमध्ये आहे. कांदा ऊन खेचत नाही. थालीपिठात घाला. पाळीत मुलींनी मैदानात उतरू नये, हेही खोटं. पोट दुखत असेल तर थांबावं, एरवी खेळावं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. अर्धा लिटर एका दमात घटाघट पिऊन लगेच धावलं तर पोटात कळ येते, उलटीही होते. आणि घाम फार न येता लिटरमागून लिटर साधं पाणी ढोसणंही धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम उतरतं. पण मेसेजने यावरून काढलेला निष्कर्ष 'पाणीच नको' असा आहे. घोट घोट प्या, एवढाच त्याचा अर्थ.

तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. त्याहून लांबला तर ओआरएस चालेल, पण 1 लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करू नका. मिश्रण दुप्पट घट्ट होतं आणि मुलं तेच ओकतात. पाकिटावर किती पाण्यात ते छापलेलं असतं.