व्हँकुव्हर कशाला, खडेबाजार आहे की!

मेडिकल जर्नलला पेपर पाठवताय? अभिनंदन. आमचा परवाच परत आला. रिव्ह्यूअरपर्यंत पोचलाच नाही, दारातच अडवला. खानापूर-चिकोडीकडची खेडी पालथी घालून गोळा केलेला डेटा, कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांतली संमतीपत्रं, एथिक्स कमिटीचे हेलपाटे, सगळं जागच्या जागी होतं. संपादकीय कचेरीचा निरोप एका ओळीचा: संदर्भ आमच्या शैलीत नाहीत, दुरुस्त करून पाठवा. संदर्भांची ही यादी ज्या फर्स्ट ऑथरनं केली तो माझाच पीजीचा विद्यार्थी. त्याच्याकडून मी फार शिकलो. ते ज्ञान माझ्यापाशीच कुजू नये म्हणून हे चार सल्ले.

संदर्भ सगळ्यात शेवटी करा, शक्यतो शेवटच्या रात्री.

जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचू नका. संपादक त्या स्वतःच्या करमणुकीसाठी लिहितात.

१९७८ साली काही मेडिकल जर्नलांचे संपादक कॅनडात व्हँकुव्हरला जमले आणि सगळ्यांकडे एकाच धाटणीचे पेपर यावेत म्हणून नियम ठरवून गेले. संदर्भांची 'व्हँकुव्हर शैली' म्हणतात ती हीच. मजकुरात ज्या क्रमानं संदर्भ येईल त्या क्रमानं आकडा. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मध्ये टिंब नाही. लेखक सहापर्यंत असतील तर सगळे, सातवा आला की पहिले सहा आणि पुढे 'एट अल', म्हणजे 'आणि इतर'. मग शीर्षक, जर्नलचं नाव, आणि त्यापुढे वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, कोलन, पानं, आणि मध्ये कुठंही जागा नाही. चौथीतल्या पोराला जमेल. पण तुम्ही एमबीबीएस होऊन पीजीला आलात, तुम्ही का म्हणून ऐकायचं? सगळ्यांच्या नावामागे 'डॉ.' लावा, पुढे 'एमडी' लावा, वडीलधाऱ्यांना आधी घ्या आणि बाकीच्यांना 'एट अल'मध्ये कोंबा. लग्नपत्रिकेत आपण 'समस्त पाटील परिवार' घालतोच की.

पाटलांवरून आठवलं. पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, 'पाटील एस' टाकून बघा. कोल्हापूरचे, निपाणीचे, अथणीचे, हुबळीचे, मराठी, लिंगायत, जैन, सगळे एका रांगेत उभे राहतात. त्यातला आपला कुठला हे शोधण्यात वेळ घालवू नका. कन्नड सहकाऱ्यांचं आणखी सोपं. बऱ्याच जणांना आडनावच नसतं, गावाचं नि वडिलांचं आद्याक्षर असतं. कुठला तुकडा पुढे काढायचा हे मूळ पेपर किंवा पबमेडची नोंद उघडली की कळतं, पण तेवढं कोण करतो? ठोका अंदाजानं.

जर्नलच्या नावाचे संक्षेप ठरलेले असतात, एनएलएमच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या, सूचीत फुकट बघायला मिळतात. तुम्ही तुमचे करा. एकाच शब्दाच्या नावाचा संक्षेप करत नाहीत. आमच्या यादीत 'लॅन्सेट'चं 'लॅन.' झालं होतं.

आता फाइंड-रिप्लेस. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग सरकारी कागदावर बदललं, Belgaum चं Belagavi झालं. पत्त्यात नवं स्पेलिंग हवं, मान्य. मग काय करायचं? 'रिप्लेस ऑल' दाबायचं. पत्ता तर बदलतोच, पण संदर्भातल्या २००९ सालच्या लेखाचं शीर्षकही बदलतं, आणि त्या शीर्षकाचा लेख कुणी शोधायला गेला तर सापडता सापडत नाही. गावाला काय म्हणावं यावर आपल्याकडे उभा जन्म भांडता येतं, भांडतोच आहोत. छापून झालेल्या शीर्षकाशी भांडता येत नाही, ओ!

रेफरन्स मॅनेजर, म्हणजे संदर्भांचे आकडे नि यादी आपोआप लावून देणारं सॉफ्टवेअर, वापरू नका. झोटेरो फुकट मिळतं, म्हणजे काहीतरी गोम असणारच. त्यापेक्षा खडेबाजारात जा. सोनेरी अक्षरांत थिसिस बांधून देणारा माणूस आकडेही हातानं टाईप करून देतो. मग गाईडनं दुसरा परिच्छेद काढायला सांगितला की चौथा संदर्भ उडतो, पाचव्याचा चौथा होतो, आणि पुढची सगळी पलटण एकेक पाऊल मागे सरकवायची. रात्र मजेत जाते. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं पैसे टायपिंगचे घेतले होते.

एवढंही जड जात असेल तर चॅटबॉटला सांगा, 'या वाक्याला संदर्भ दे'. लगेच देतो. आमचा सतरा नंबरचा संदर्भ असाच आला होता. शैली बिनचूक. अख्ख्या यादीत स्वल्पविराम, कोलन, सगळं बरोबर असलेला तेवढा एकच. लेखक त्या विषयातले खरे, जर्नल खरं, खंड खरा. फक्त असा पेपर कुणी लिहिलेलाच नाही! त्या पानांवर दुसराच लेख आहे, आणि दिलेला डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडला तर काँक्रीटवरचं संशोधन निघतं. २०२३ साली एका अभ्यासात हे मोजून झालंय: चॅटजीपीटीच्या जीपीटी-३.५ या आवृत्तीनं दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के बनावट निघाले, जीपीटी-४ चे १८ टक्के. मी त्या पीजीला बोलावून विचारलं, तर म्हणतो, 'सर, दुसरा घालू काय?' घालू काय! म्हणजे वाक्य आधीच ठरलंय, आता त्याच्या बुडाला कुठला तरी आकडा चिकटवायचा. उद्या पेशंटचं निदान आधी ठरवून रिपोर्ट मागाहून बनवशील काय रे?

मागे घेतलेला पेपर बिनधास्त घाला. एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा वेकफिल्डचा १९९८ चा पेपर 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला, म्हणून काय झालं?

आणि मूळ पेपर वाचायचा नाही. दुसऱ्याच्या प्रस्तावनेतून वाक्य उचलायचं, त्याचा संदर्भ आपल्या यादीत उतरवायचा. १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पत्र आलं होतं, जेमतेम पाच वाक्यांचं. हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या ११,८८२ पेशंटना अफूवर्गातली वेदनाशामकं दिली, व्यसनाची नोंद चौघांची. घरी नेऊन महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. २०१७ साली त्याच जर्नलनं छापलेल्या मोजणीत या पत्राचे ६०८ उल्लेख निघाले. त्यातल्या ७२ टक्क्यांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून घातलं होतं, आणि ८० टक्क्यांहून जास्त जणांनी हे पेशंट ॲडमिट होते एवढंही सांगितलं नव्हतं. डॉक्टर निर्धास्त झाले, चिठ्ठ्या लिहीत गेले. उत्तर अमेरिकेत पुढे या औषधांच्या व्यसनानं जे मुडदे पडले त्याला या उल्लेखांनीही हातभार लावला. पाच वाक्यं होती हो! चहा गार व्हायच्या आत वाचून झाली असती.

म्हणून आता चेष्टा पुरे. स्वल्पविराम चुकला तर पेपर परत येतो, दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो, मला त्याचा एवढा राग नाही. न वाचलेला पेपर वाचल्यासारखा घालता त्याची चीड येते. ज्या बाईनं चिकोडीला उन्हात बसून आपल्या शंभर प्रश्नांची उत्तरं दिली, तिची माहिती तुम्ही खोट्या पेपराच्या शेजारी नेऊन बसवलीत. बढतीला पेपर लागतात, परीक्षेला लागतात, सगळं कळतं मला. मीही याच रांगेतून आलोय. तरीही नाही चालणार.

झोटेरो आजच उतरवून घ्या. सोमवारी ओपीडी संपली की यादीतला प्रत्येक पेपर घेऊन माझ्या खोलीत या. कुठल्या पानावरच्या कुठल्या ओळीसाठी तो घातलाय ते बोट ठेवून दाखवायचं. जिथं बोट ठेवता येणार नाही तो संदर्भ काढायचा, आणि त्याच्या जिवावर लिहिलेलं वाक्यही.